ग्राम बाल संरक्षण समिती कागदावरून रानात कशी उतरवायची? (उचल, एजंट आणि फसवून नेलेली माणसं)

कडेगावकर_पंच
उसाचा गळीत हंगाम तोंडावर आलाय. दिवाळी झाली की ओढ्याकाठच्या पडीक रानात ऊसतोड मजुरांच्या चार-पाच टोळ्यांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) पडतील. साठ-सत्तर माणसं, त्यात वीस-पंचवीस पोरं.
आमच्याकडं ग्राम बाल संरक्षण समिती आहे. म्हणजे ठराव आहे. अध्यक्ष सरपंच, सचिव अंगणवाडी सेविका, शिवाय पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशाताई, सगळ्यांच्या सह्या आहेत. बैठक एकही झालेली नाही. गावात 'मानवी तस्करी' म्हटलं की लोक म्हणतात, ते मुंबईला, आपल्यात नसतंय. पण उचलीपायी, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशापायी, माणूस अडकवून ठेवणं, एजंटाकडून नवरी आणणं, शाळा सुटलेलं पोरगं हजार किलोमीटरवर दुकानात धाडणं, हे सगळं आपल्यातच चालतंय.
नेमकं काय करावं? कोणत्या वहीत काय लिहायचं, कुणाला फोन लावायचा, कुठं फसतं? एवढंच सांगा. 'जनजागृती करा' असं कृपा करून लिहू नका. फ्लेक्स आधीच लागलाय.

अजिंक्यतारा७७
फ्लेक्सवर फोटो किती?

कडेगावकर_पंच
अकरा. त्यात मूल एकही नाही.

माणगंगा
पंच, वह्या दोन करा. एक 'आलेले', दुसरी 'गेलेले'. दोन्ही सेविकेकडं राहू द्या. सरपंचाकडं ठेवाल तर पंचायत बदलली की वही हरवते.

'आलेले' वहीत मुकादमाचं (टोळी जमवून आणणारा ठेकेदार) नाव, गाव, मोबाइल. टोळी ज्याच्या वाहनावर आहे तो मालक. कारखान्याचं गट ऑफिस. कोयते, म्हणजे तोडणीच्या जोड्या, किती. प्रत्येक कोयत्यामागं मुलं किती, वयं काय, मूळ गावची शाळा-अंगणवाडी कोणती. गरोदर बायांची नोंद वेगळी. हे पहिल्या तीन दिवसांत उरका. तेवढे दिवस मुकादम तिथं असतो, नंतर दुसऱ्या टोळीकडं निघून जातो आणि कोपीतला माणूस म्हणतो, 'मला ठाव न्हाई, मुकादमाला इचारा.'
'तपासणीला आलोय' म्हणून गेलात तर तोंडं मिटतात. लस, पोरांचा खाऊ आणि शाळेचं शिक्षण हमी पत्रक घेऊन गेलात तर तीच माहिती चहाबरोबर मिळते.

दर पंधरवड्याला पुन्हा मोजा. खरी घंटा इथं वाजते. गेल्या खेपेला चौदा वर्षांची पोरगी होती, आता नाही. 'मामाकडं गेली.' कोणता मामा, गाव कोणतं? तिथंच फोन लावायचा आणि मामाशी नाही, पोरीशी बोलायचं.

'गेलेले' वही शाळेतून भरते. सलग सात दिवस गैरहजर असेल तर मुख्याध्यापकानं सेविकेला सांगायचं. दाखला नेला, पण नव्या शाळेनं ऑनलाइन मागणीच केली नाही आणि नाव यू-डायसच्या (शाळांची सरकारी ऑनलाइन नोंद) ड्रॉपबॉक्समध्ये पडून राहिलं, तर ते मूल शाळेत नाही, कुठंतरी कामावर आहे असं धरून चला. मुख्याध्यापकाला हे स्क्रीनवर दिसतं, त्याला कुणी विचारत नाही इतकंच.

खटावचा_खिलार
आत्ताच आमच्या ग्रुपवर आलंय. पांढऱ्या गाडीतून मुलं पळवणारी टोळी फिरत्येय, भाषा परकी. सगळ्यांनी सावध राहा, दिसलं की धरा.

मिरज_जंक्शन
खिलारभाऊ, हा मेसेज पुढं ढकलू नका. जत तालुक्यात लवंग्याला सप्टेंबर २०२२ मध्ये असंच 'धरलं' होतं. विजापूरहून पंढरपूरला निघालेले उत्तर प्रदेशचे चार साधू, एका पोराला वाट विचारली म्हणून काठ्यांनी मारले. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जिवानिशी गेले. दोन्हीकडं मुलं चोरणारं कुणी नव्हतंच.
पोरीला नेणारा पांढऱ्या गाडीतून येत नाही. तो चुलत मावशीचा दीर असतो, दोन वेळा घरी जेवून गेलेला असतो.

खटावचा_खिलार
डिलीट केला. पण मग खरंच संशय आला तर काय करायचं?

मिरज_जंक्शन
११२ ला पोलिसांना फोन. मूल असेल तर १०९८, चाइल्डलाइन. गाडीचा नंबर, दिशा, माणसं किती, कपडे काय, एवढं सांगायचं आणि फोन चालू ठेवायचा. हात लावायचा नाही, व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा नाही.

रेल्वेचं वेगळं. मिरजेतून पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर-कुर्डुवाडी अशा चारी दिशा फुटतात, म्हणून तिथं गाडी बदलणारे पुष्कळ. डब्यात शंका आली तर १३९. गाडी नंबर, डबा, बर्थ, पुढचं स्टेशन, ही चार उत्तरं तयार ठेवूनच फोन लावा. लोक सांगतात 'एक मुलगी रडत्येय'; अठरा-वीस डब्यांच्या गाडीत तीन मिनिटांच्या थांब्यात ती कशी सापडणार? आणि त्या माणसाला जाब विचारत बसू नका, तो पुढच्या छोट्या स्टेशनात पोरीसकट उतरतो.
आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) मुलांना उतरवून घेते, त्यासाठी त्यांच्या 'नन्हे फरिश्ते' आणि 'आहट' अशा मोहिमा आहेत. पण गुन्हा नोंदवतात ते लोहमार्ग पोलीस. नुसतं उतरवून पालकांना फोन झाला आणि लोहमार्गकडं नोंदच नाही, असं झालं की नेणारा दुसऱ्या दिवशी मोकळा.

ट्रॅक्टरवाला_वाळवा
सगळं मजुराच्याच बाजूनं चाललंय. आमचं कोण बघणार? मुकादम चौदा कोयते दाखवतो, उचल घेतो, येताना सात आणतो, नाहीतर फोनच बंद. ट्रॅक्टरचा हप्ता बँक सोडत नाही. वाळव्यात, पलूसात किती मालक बुडालेत ते बघा की. मग माणूस आलेली टोळी सोडंल का? पैसं फिटल्याबिगर जाऊ द्यायची न्हाई, एवढंच म्हणतो आम्ही. ह्याला तस्करी म्हणता व्हय?

न्यायाधार
ट्रॅक्टरदादा, तुमचं दुखणं खरं आहे. पण शेवटची दोन वाक्यं कोर्टात म्हणू नका, तिथंच गुन्हा कबूल होतो.

वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा. आगाऊ रक्कम दिली आणि त्यापायी माणसाला दुसरीकडं काम करता येत नाही, किंवा हवं तिथं जाता येत नाही, किंवा किमान वेतनापेक्षा कमी मिळतं, यातली एक गोष्ट असली तरी ती वेठबिगारी. तिन्ही लागत नाहीत. सुप्रीम कोर्टानं १९८२ च्या एशियाड निकालात किमान वेतनापेक्षा कमी दामात राबवणं म्हणजे संविधानाच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरी असं ठरवलं, आणि १९८४ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा निकालात सक्तीची मजुरी दिसली की ती वेठबिगारीच धरायची, नसल्याचं सिद्ध करायचं ते मालकानं, असं म्हटलं. कोपीला बाहेरून कडी, एखादा पोरगा तारण म्हणून ठेवून घेणं, आधार कार्ड काढून घेणं हे झालं तर अन्यायानं डांबणं म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम १२७ लागतं. फसवून किंवा धाकानं माणूस आणून राबवला असेल तर कलम १४३, म्हणजे थेट मानवी तस्करी. तिथं शिक्षा सात वर्षांपासून सुरू होते, अज्ञान मूल असेल तर दहापासून जन्मठेपेपर्यंत.

तुमचा गुन्हेगार मुकादम आहे. त्याच्यावर फसवणुकीचं कलम ३१८ लावून फिर्याद द्या. त्यासाठी आधी कागद हवेत: उचल रोख न देता खात्यावर, प्रत्येक कोयत्याचं नाव-आधार करारात, आणि मजुराला स्वतःला किती पोचले त्याची त्याच्या सहीची पावती. आपल्याकडं मुकादमाला पाच लाख रोख देतात, करारात फक्त मुकादमाचं नाव, आणि नंतर त्याचा राग कोपीतल्या बाईवर निघतो, जिला त्यातले चाळीस हजारही मिळालेले नसतात.

हिशेबनीस
उचल फिटत का नाही, त्याचं गणित मांडतो. समजा तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये धरला. नवरा-बायको मिळून एक कोयता, दिवसाला सरासरी दोन टन. उचल एक लाख.
एक लाख भागिले ३६६ म्हणजे २७३ टन. दोन टनांनी १३७ दिवस. आता हंगाम शंभर-सव्वाशे दिवसांत आटपतो. ११० दिवस धरा: २२० टन, ८०,५२० रुपये. म्हणजे एक दिवस खाडा न होता, आजारी न पडता, पाऊस न येता १९,४८० बाकी. त्यात दर आठवड्याची खर्ची (खाण्यापिण्यासाठी मुकादम देतो ते पैसे) १,५०० धरली तर सोळा आठवड्यांचे २४,०००. एकूण बाकी ४३,४८०. ही पुढच्या हंगामाच्या उचलीत चढते.
कुणी कुणाला साखळीनं बांधलेलं नाही. वहीच साखळी आहे. म्हणून दर पंधरवड्याच्या तोडणी बिलाचा मोबाइलवर फोटो काढून मजुराकडंच ठेवायला शिकवा. मुकादमाची वही आणि कारखान्याची पावती यांत टनांचा फरक पडतो, आणि तो कधीच मजुराच्या फायद्याचा नसतो.

ट्रॅक्टरवाला_वाळवा
गणित बरोबर हाय. पण दर आम्ही ठरवत न्हाई.

न्यायाधार
तेही खरं.
सुटकेचं सांगते, कारण तिथंच सगळं नासतं. तक्रार करायची ती प्रांताधिकाऱ्यांकडं किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडं. कायद्यात जिल्हा आणि उपविभाग दोन्हीकडं दक्षता समिती आहे. पोलीस सोबत हवेत, पण वेठबिगार ठरवण्याचा अधिकार महसूलचा. प्रत्येक मजुराचा जबाब वेगळा, मालक-मुकादम समोर नसताना. उचल किती, कधी, कुणी दिली, रोज किती तास, हातात किती आले, जायला निघालो तर काय म्हणाले. मग मुक्ती प्रमाणपत्र.
हमखास होतं काय? भांडण मिटलं म्हणून रात्री सगळ्यांना एका टेम्पोत घालून गावी पाठवतात. सगळे खूश. पण हातात प्रमाणपत्र नाही म्हणजे कायद्याच्या लेखी सुटकाच झाली नाही. केंद्राच्या पुनर्वसन योजनेतले तातडीचे ३०,००० रुपयांपर्यंत त्या कागदाशिवाय मिळत नाहीत. पुढची मदत पुरुषाला एक लाख, स्त्री किंवा मुलाला दोन लाख, लैंगिक शोषण-तस्करीच्या गंभीर प्रकरणात तीन लाख. ती शिक्षेशी जोडलेली असल्यानं वर्षानुवर्षं लटकते, पण तातडीची रक्कम खटल्यावर थांबत नाही. प्रमाणपत्र सुटका झाली त्या जिल्ह्यातून, म्हणजे सांगलीतून घ्यायचं. कागद न घेता माणूस गावी गेला की दोन्ही जिल्हे एकमेकांकडं बोट दाखवतात आणि मुकादम गावच्या स्टँडवर उभाच असतो.
साताऱ्याकडं कोळसाभट्टीवर आलेली कातकरी कुटुंबं असतील तर ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(ज) पण लावायला सांगा. आदिवासीला वेठीला धरणं हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे. हे कलम फिर्यादीत आलं नाही तर त्या कायद्याची नुकसानभरपाईही बुडते.

हळदवाडा
धागा ऊसतोडीवरच थांबलाय. नवरी आणून देणाऱ्या एजंटांचं काय? २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात हजार मुलग्यांमागं ८५१ मुली होत्या, शून्य ते सहा वयात. त्या वेळची पोरं आज लग्नाची आहेत. म्हैसाळचं २०१७ चं गर्भपाताचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल, एकोणीस भ्रूण सापडले. ज्या पोरी जन्मू दिल्या नाहीत त्यांच्या जागी आता कर्नाटकातून, मराठवाड्यातून, पार ओडिशातून पोरी येतायत. दोन-तीन लाख एजंटाला.

कऱ्हाडी_काकू
आणि आठ दिवसांत दागिने घेऊन पळतायत की! आमच्याकडं 'लुटारू नवरी' म्हणतात. बिचारी पोरं फसतात, त्यांचीपण बाजू घ्या कुणीतरी.

हळदवाडा
काकू, फसतात, मान्य. पण पळणाऱ्या मुलीच्या हातात त्यातले किती राहतात तेही बघा. एकाच मुलीचं तीन जिल्ह्यांत लग्न लावणारी टोळी तिला पण वापरतच असते. पोलीस तिला पकडतात, 'मावशी' सापडत नाही.

एजंटवाली सोयरीक ओळखायच्या खुणा सांगतो. मुलीकडून फक्त एक मावशी आणि एक 'भाऊ', दोघांची आडनावं वेगळी. मुलीचा फोन मावशीच्या पर्समध्ये. आधार फक्त झेरॉक्स. लग्न मंदिरात घाईनं आणि नंतर नोटरीचा कागद, पूर्वी शंभराच्या स्टॅम्पवर व्हायचा, आता पाचशेच्या. त्या नोटरीला लग्न म्हणून कवडीची किंमत नाही.
गावाच्या हातात एक चांगलं हत्यार आहे. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह मंडळं आणि विवाह नोंदणीचा कायदा आहे. त्याखाली लग्नं जुळवणाऱ्या मंडळाला स्वतःची नोंदणी करावी लागते. एजंटाला पहिला प्रश्न: नोंदणी प्रमाणपत्र दाखव. नव्वद टक्के एजंट तिथंच चहा न पिता उठतात (आकडा माझ्या मनचा, पण उठतात). दुसरं, लग्नाची नोंद ग्रामसेवकाकडं नमुना 'ड' मध्ये, तीन साक्षीदारांसह. ग्रामसेवकच गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही आहे.

माणगंगा
ग्रामसेवक नाही, आता पाटीवर 'ग्रामपंचायत अधिकारी' आहे. माणूस तोच, गैरहजर पण तेवढाच.

भर घालते. मुलीशी गावातल्या एका बाईनं एकटीनं पाच मिनिटं तिच्या भाषेत बोललं पाहिजे. जत-आटपाडीत कन्नड येणारी बाई मिळतेच. प्रश्न साधे: आईचा नंबर पाठ आहे का, तुझं मूळ आधार कुठंय, परत जायचं झालं तर कोणती गाडी, इथं किती पैसे ठरलेत ते तुला माहीत आहे का. 'तुला विकलंय का' असं विचारू नका, ती 'नाही'च म्हणेल.
वय कमी असेल तर बालविवाह कायद्याचं कलम १२ बघा. एरवी बालविवाह मुलीच्या मागणीवरून रद्द करून घ्यावा लागतो. पण फूस लावून, जबरदस्तीनं किंवा विकून लावलेलं अज्ञान मुलीचं लग्न मुळातच शून्य. 'आता लग्न झालंय, नांदू दे' म्हणणाऱ्या पुढाऱ्याला हे कलम वाचून दाखवा.

मिरजमळा
मूळ अड्डे सोडून बाकी सगळं चाललंय. सांगलीच्या वेश्यावस्तीत, गोकुळनगरला, दर महिन्याला छापा घाला, निम्मी तस्करी बंद होईल.

हळदवाडा
नाही होणार. सरसकट छाप्यात स्वतःहून धंदा करणाऱ्या सज्ञान बायका उचलल्या जातात आणि अज्ञान मुलगी मागच्या दारानं दुसऱ्या गावात जाते. सांगलीत 'संग्राम' संस्था १९९२ पासून आणि बायकांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' १९९६ पासून हेच सांगत आली आहे की वेश्याव्यवसाय आणि तस्करी ही एकच गोष्ट नव्हे. नवी पोरगी गल्लीत आली की पहिल्या तासात कुणाला कळतं? शेजारच्या खोलीतल्या बाईला. तिला तुमची भीती वाटली तर ती सांगणार नाही. सुप्रीम कोर्टानंही १९ मे २०२२ च्या आदेशात सांगितलंय की छाप्यात स्वेच्छेनं धंदा करणाऱ्या सज्ञान बाईला अटक, दंड, छळ करायचा नाही आणि माध्यमांनी तिचा फोटो छापायचा नाही.

मिरजमळा
स्वेच्छा म्हणजे काय? पाच वर्षांपूर्वी विकून आणलेली आज सज्ञान झाली म्हणून ती स्वेच्छा? कर्ज फिटेपर्यंत बाहेर पडता येत नाही ती स्वेच्छा? वर ऊसतोडीला जे निकष लावलेत तेच इथं लावा की.

हळदवाडा
निकष तेच लावू, पण तिला विचारून. सुधारगृहाच्या भिंतीवरून उड्या मारून बायका पळतात, त्याचं कारण तिथं त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

न्यायाधार
तुमचं दोघांचं एकमत या धाग्यात होणार नाही, पण अज्ञान मुलीबद्दल दोघांचा वाद नाही ना? मग छापा नीट कसा घालायचा ते बघू.

पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५ नुसार झडतीला परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच, त्यात किमान एक बाई. पथकात किमान दोन महिला पोलीस. प्रत्यक्षात काय होतं? पंच ठरलेले, प्रत्येक छाप्याला तेच दोघं. बचावाचा वकील पाच पंचनामे समोर ठेवतो आणि खटला तिथंच लंगडतो. पंटरला (पोलिसांनी पाठवलेलं खोटं गिऱ्हाईक) दिलेल्या नोटांचे नंबर आधीच पंचनाम्यात लिहायचे असतात, ते नंतर लिहिले की तारीख-वेळ जुळत नाही.
वय: 'आधारवर एकोणीस आहे' म्हणून सोडून देऊ नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ चा क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. आधार या यादीत नाही.
अज्ञान मुलगी २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल कल्याण समितीपुढं. तिथं 'आई-वडील' येतात. मुंबई उच्च न्यायालयानं २००२ मध्ये 'प्रेरणा' खटल्यात याच कारणानं बजावलंय की मुलीला खरे आणि योग्य पालक असल्याशिवाय कुणाच्या हाती द्यायचं नाही. आरोपीचा वकील मुलीचाही वकील म्हणून उभा राहिला की समजायचं, फी कोण भरतंय. समितीनं गृहचौकशी मागवायची. विकणारा घरातलाच असेल तर घरी पाठवणं म्हणजे माल परत करणं.
सज्ञान बाई असेल तर मॅजिस्ट्रेट. कलम १७ मध्ये चौकशीला पाच जणांचं सल्लागार मंडळ बोलावता येतं, शक्यतो तीन बायका. आपल्याकडं हे मंडळ कुणी मागतच नाही. मागा.

सिव्हिलची_पायरी
दवाखान्याची घड्याळं लक्षात ठेवा. अत्याचार झाला असेल तर एचआयव्ही प्रतिबंधक औषध आणि गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. तक्रार नोंदवली नसली तरी उपचार द्यावेच लागतात, सरकारी असो की खासगी, आणि फुकट. 'आधी पोलिसांचं पत्र आणा' हे चालत नाही. तपासणी तिच्या संमतीनं. दोन बोटांची चाचणी बंद आहे, कुणी करत असेल तर थांबवा.
सोबत गेलेल्या बाईनं पहिल्या दिवशी घटना विचारू नये. जेवलीस का, पाळी आहे का, पॅड हवंय का, कुठं दुखतंय, कुणाला फोन करायचाय, इतकंच. तीच गोष्ट पाच जणांना पाच वेळा सांगायला लावली की पाचही जबाब थोडे वेगळे येतात, आणि कोर्टात त्या 'थोड्या'वर सुटका होते. भाषा वेगळी असेल तर दुभाषा बाहेरचा हवा, सोबत आलेली 'मावशी' नको.
रात्री ठेवायचं असेल तर सखी वन स्टॉप सेंटर, पाच दिवसांपर्यंत. ठाण्याच्या बाकावर नको.

विट्याचा_गलाई
आमच्याकडचं बोलतो. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगावची गलाई माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलीत. तामिळनाडू, केरळ, बंगाल, कुठल्याही सराफ पेठेत एक तरी विटेकर सापडतोच. हे जाळं तुमच्या समितीला फुकट आहे. परराज्यात पोरगी सापडली, तिथल्या ठाण्यात मराठी कुणाला येत नाही, तर गलाईवाला दुभाषा म्हणून तासाभरात पोचतो. तालुक्यातल्या गलाई संघटनेकडून गावोगावचे नंबर घेऊन ठेवा.

अजिंक्यतारा७७
आणि तीच माणसं चौदा वर्षांची पोरं गाळपाला नेतात त्याचं काय?

विट्याचा_गलाई
बरोबर टोचलंत. लपवत नाही, तेही होतं. 'आपलंच पोरगं आहे, धंदा शिकेल.' पण चौदाच्या आतल्या पोराला असल्या कामाला लावताच येत नाही, नायट्रिक ॲसिडचा धूर तर लांबच. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठराच्या पोरालाही धोक्याच्या कामाला लावता येत नाही. भट्टीवर मुक्काम, झोपायला तीच खोली, पगार वर्षाच्या शेवटी एकदम, तोही बापाच्या हातात. काका-पुतण्याचं नातं बाजूला काढून बघा, हे वेठबिगारीच्या व्याख्येत बसतं. म्हणून 'गेलेले' वहीत आमच्या पोरांची नावं आधी लिहा: दुकानाचा पत्ता, मालकाचा नंबर, आणि दर महिन्याला पोराशी व्हिडिओ कॉल. फोनवर नुसता आवाज नको, हात दिसले पाहिजेत. ॲसिडचे डाग हातावर असतात.

कऱ्हाडी_काकू
परदेशातल्या नोकऱ्यांचं पण सांगा कुणीतरी. थायलंडला डेटा एंट्री म्हणून पोरं जातात आणि म्यानमारमध्ये कुंपणात बसून लोकांना ऑनलाइन गंडवायला लावतात म्हणे.

न्यायाधार
एजंटाचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. सेवाशुल्क ३०,००० आणि वर जीएसटी, त्याहून जास्त मागितलं तर बेकायदा. पर्यटक व्हिसावर नोकरी नसते, एवढं एक वाक्य पोराला पाठ करून द्या. अडकल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल किंवा १८००-११-३०९०.

माणगंगा
हरवलेल्यांचं राहिलं. अज्ञान मूल हरवलं तर २४ तास थांबा वगैरे काही नाही. सुप्रीम कोर्टाच्या १० मे २०१३ च्या आदेशानं अपहरण धरून लगेच गुन्हा नोंदवायचा. चार महिन्यांत सापडलं नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडं. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा) मागा. तरी नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी तक्रार. सोबत द्यायचं: अलीकडचा फोटो (लग्नातला फिल्टरवाला नको), मोबाइलचा आयएमईआय नंबर खोक्यावरून, शेवटचे तीन कॉल, अंगावरच्या खुणा, आणि घरात गेल्या महिन्यात कोण नवं येत होतं.
सज्ञान बाई असेल तर 'मिसिंग' नोंद होते आणि फाइल थंड पडते. तिथं चिठ्ठी, धमकी, पैसे असं काहीही फसवणुकीचं दाखवता आलं तर लेखी द्या, मगच तपासाला कलम मिळतं.

सिव्हिलची_पायरी
एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. नुकसानभरपाई मंजूर झाली तरी ती जाते कुठं? जिल्हा विधी सेवा प्राधिकरण रक्कम खात्यावर टाकतं. खातं जुनं, त्याला जोडलेला मोबाइल एजंटाचा किंवा काकाचा, एटीएम कार्ड त्याच्या खिशात. पैसे आले त्या दिवशी गेले. म्हणून सुटकेनंतर पहिल्या आठवड्यात नवं सिम, आधार केंद्रात अंगठा देऊन नंबर बदलणं आणि पोस्टात किंवा बँकेत नवं खातं, हे तिन्ही उरका. अर्जात नवाच खाते क्रमांक घाला. मोफत वकिलासाठी १५१००.

कडेगावकर_पंच
उतरवून घेतलं सगळं. पहिली बैठक पुढच्या शनिवारी, शाळेत, चावडीत नाही. सेविकेकडं दोन वह्या. कोप्या पडल्यापासून तीन दिवसांत आशाताई, सेविका आणि कन्नड येणारी एक मावशी फेरी मारतील, खाऊ-लस घेऊन. मुख्याध्यापक दर सोमवारी ड्रॉपबॉक्स बघणार. एजंटाची सोयरीक असेल तर ग्रामपंचायत अधिकारी नोंदणी प्रमाणपत्र मागणार. पोलीस पाटलांच्या फोनमध्ये ११२, १०९८, प्रांत कार्यालय. सगळी यादी चावडीच्या फळ्यावर लावू का?

माणगंगा
फळ्यावर फक्त फोन नंबर. नाव एकही नाही! मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं गुन्हा आहे, आणि फळा मुकादमही वाचतो. वही कपाटात, कुलपात.

न्यायाधार
आणि शनिवारच्या बैठकीत वाहनमालकांना बोलवा. टोळीची खरी यादी त्यांच्याकडंच असते.

ट्रॅक्टरवाला_वाळवा
माझं रान कडेगाव हद्दीला लागून हाय. माझ्या टोळीची यादी देतो, पोरांच्या नावासकट. मुकादमाचा आणि त्याच्या भावाचा पण नंबर देतो. पण मुकादम पळाला तर फिर्याद लिहून द्यायला वकीलबाईंनी यायचं.

न्यायाधार
येते. कराराची प्रत आणा, रोख दिलेलं असलं तरी आणा.

कडेगावकर_पंच
ठरलं. आता त्या फ्लेक्सचं काय करू?

माणगंगा
कोपीवर घालायला द्या, पाऊस लागणार नाही. छापील बाजू वर ठेवा, आतून पोरं घाबरतील.